उल्हासाची तयारी

कराराचा कोश, म्हणजे देवाच्या आज्ञांच्या पाट्या ठेवलेली पवित्र पेटी, यरुशलेमात आणण्याचा दावीद राजाचा पहिला प्रयत्न फसला तो गाण्या-वाजवण्यात काही कमी पडलं म्हणून नव्हे. २ शमुवेलच्या सहाव्या अध्यायात वीणा, सतारी, डफ, झांजा सगळं आहे आणि इस्राएलाचं सारं घराणं आनंदाने वाजवत चाललं आहे. पण लेव्यांनी, म्हणजे उपासनेची सेवा सोपवलेल्या वंशातल्या लोकांनी, खांद्यावरून वाहायचा कोश नव्या गाडीवर चढवला होता. बैल अडखळले, उज्जाने कोशाला हात लावला आणि तो तिथेच मेला. मिरवणूक थांबली. तीन महिने कोश ओबेद-अदोमाच्या घरी राहिला.

दुसऱ्या खेपेची हकिकत १ इतिहासच्या पंधराव्या अध्यायात सविस्तर आहे. लेव्यांनी आधी स्वतःला शुद्ध केलं, दांड्या खांद्यावर घेतल्या. गायक आणि वादक नावानिशी नेमले गेले. गायनाची जबाबदारी कनन्याकडे दिली, कारण तो त्यात तरबेज होता. २ शमुवेलात आहे तसं, वाहणारे सहा पावलं चालले तेव्हा यज्ञ झाला, आणि मग तागाचं एफोद, म्हणजे याजकासारखं वस्त्र, ल्यालेला दावीद सर्व शक्तीनिशी नाचला.

त्याचं नाचणं सगळ्यांच्या लक्षात राहतं आणि खिडकीतून पाहणारी त्याची बायको मीखलही. नेमणुकांची ती लांबलचक यादी मात्र वाचताना डोळ्यांखालून नुसती निघून जाते. मला ही यादी नाचाइतकीच महत्त्वाची वाटते. उपासनेत मोकळेपणाने आनंद करणाऱ्या मंडळीच्या मागे कुणीतरी असं काम केलेलं असतं. उल्हास कुणाच्या अंगात भरता येत नाही, तो पवित्र आत्म्याचं दान आहे. पण त्याला गळ्यातून, हातांतून, पावलांतून बाहेर पडायला जागा लागते. ती जागा अडवणाऱ्या बहुतेक गोष्टी अगदी साध्या असतात: चुकीची पट्टी, न पेलणारी लय, कानठळ्या बसवणारे स्पीकर, एकमेकांपासून लांब मांडलेल्या खुर्च्या.

पवित्र शास्त्रात स्तुतीची क्रियापदं शरीराची आहेत. सत्तेचाळिसावं स्तोत्र टाळ्या वाजवायला सांगतं, त्रेसष्टावं हात उंचावायला, शंभरावं जयघोष करत, गात त्याच्यापुढे यायला. दीडशेवं शिंग, वीणा, डफ, तंतुवाद्यं, झांजा आणि नृत्य यांची रांगच लावतं. देवळाच्या सुंदर दरवाजाजवळचा पांगळा बरा झाल्यावर चालत, उड्या मारत, देवाची स्तुती करत आत गेला. त्याला कुणीही थांबवलं नाही. इ.स. ३२५ मधल्या निकेया इथल्या परिषदेचा विसावा नियम रविवारी आणि पन्नासाव्या दिवसापर्यंतच्या पुनरुत्थानाच्या काळात गुडघे टेकायचे नाहीत, उभं राहून प्रार्थना करायची, असं सांगतो. येशू उठला म्हणून त्याचे लोकही उभे. तेव्हा 'आमच्या परंपरेत आनंद मनातल्या मनात असतो' असं कुणी म्हणतं तेव्हा ती परंपरा जरा आणखी मागे जाऊन पाहावी, एवढंच मी म्हणेन.

आता पट्टी, म्हणजे गाणं किती उंच सुरात धरायचं ते. आनंदाची गाणी सर्वांत जास्त इथे मरतात. गाणं ध्वनिमुद्रणात ऐकलेलं असतं आणि तिथला गायक उंच गळ्याचा, रोज रियाज करणारा असतो. त्याचीच पट्टी घेतली की ध्रुपदाच्या, म्हणजे कडव्यांनंतर परत येणाऱ्या ओळींच्या, सर्वांत वरच्या सुराला अर्धी मंडळी गप्प होते. पुरुष खालच्या सप्तकात उतरतात किंवा नुसते ओठ हलवतात. म्हणून गाण्याची मूळ पट्टी शोधत बसण्यापेक्षा त्याचा सर्वांत उंच सूर शोधावा. स्त्रियांच्या गळ्याने मोजायचं तर हार्मोनियमवर मध्य सप्तकाच्या खालच्या काळी पाचपासून वरच्या सप्तकातल्या पांढरी दोनपर्यंतचा टप्पा सर्वसाधारण मंडळीला आरामात जमतो. पुरुष तेच एक सप्तक खाली गातात. गाण्याचा कळस पांढरी दोनवर, फार तर क्षणभर काळी दोनवर येईल अशी पट्टी बांधावी. सकाळी लवकर उपासना असेल तर आणखी अर्धा किंवा एक स्वर खाली घ्यावी, कारण झोपेतून उठलेला गळा वर जात नाही.

याची उलटी चूकही होते. सगळ्यांना सोपं जावं म्हणून गाणं इतकं खाली नेतात की त्यातली झळाळीच जाते. जयघोषाच्या ओळीला थोडा जोर लावावा लागलाच पाहिजे. कडवं खाली आणि ध्रुपद टप्प्याच्या वरच्या टोकाजवळ, अशी रचना असलेली गाणी म्हणूनच मंडळीत टिकतात.

लयीचं गणित वेगळं आहे. मिनिटाला १०० ते १२५ ठोके या वेगात बहुतेक आनंदी गाणी मंडळीला पेलतात. त्यापुढे जावं की नाही हे शब्दांवर ठरतं. ठरवलेल्या लयीत ओळ नुसती मोठ्याने वाचून पाहावी. जोडाक्षरं गिळली जात असतील, तर वाद्यवृंद कितीही चपळ असो, लोकांच्या तोंडात ते गाणं बसणार नाही. श्वास कुठे घ्यायचा हेही त्याच वेळी तपासावं. सात-आठ सेकंदांपेक्षा लांब ओळ सामान्य माणसाला एका श्वासात झेपत नाही, आणि श्वासासाठी चोरलेला वेळ प्रत्येकाचा वेगळा असला की गाणं फाटत जातं.

टाळ्यांनी लय पुढे पळते. हा जमावाचा स्वभावच आहे. उत्साह वाढतो तशी प्रत्येक टाळी किंचित आधी पडते आणि दोन कडव्यांत गाणं धापा टाकू लागतं. ढोलक किंवा ड्रम वाजवणाऱ्याने मंडळीच्या मागे धावायचं नाही, हा पहिला नियम. दुसरा नियम असा, की टाळी सुरुवातीपासून नको. कडवं टाळीविना, ध्रुपदाला टाळी, असं ठेवलं की लय प्रत्येक कडव्यात पुन्हा जागेवर आणता येते. चार ठोक्यांच्या गाण्यात निम्मे लोक पहिल्या-तिसऱ्या ठोक्यावर आणि निम्मे दुसऱ्या-चौथ्यावर टाळी देत असतील तर सगळं बिघडतं. तिथे तोंडी सूचना उपयोगाची नाही. पुढे उभ्या असलेल्या दोघा-तिघांनी हात डोक्याच्या उंचीवर नेऊन ठरलेल्या ठोक्यावर ठसठशीत टाळी द्यावी, बाकीचे पाहून येतात.

मोठ्या सभागृहात आणखी एक अडचण येते आणि तिचा दोष लोकांना दिला जातो. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. मंचापासून ३४ मीटरवर बसलेल्या माणसाला ठोका एक दशांश सेकंद उशिरा ऐकू येतो. तो बरोबर त्याच क्षणी टाळी देतो, आणि ती टाळी मंचापर्यंत परत येते तेव्हा एकूण दोन दशांश सेकंद गेलेले असतात. मिनिटाला १२० ठोक्यांच्या गाण्यात एक ठोका अर्ध्या सेकंदाचा. म्हणजे मागची टाळी जवळजवळ अर्ध्या ठोक्याने मागे पडली, आणि तरीही तिथला प्रत्येकजण तालातच होता. अशा जागी मंचावरच्यांनी सभागृहातली टाळी ऐकून वाजवू नये, गाणी थोडी संथ निवडावीत, आणि ठोका कानांइतकाच डोळ्यांनाही मिळेल अशी सोय ठेवावी.

जागेचा स्वभाव गाणं ठरवतो. उंच छताच्या दगडी चर्चमध्ये नाद पाच-पाच सेकंद घुमत राहतो. तिथे जलद गाणं आणि ड्रम म्हणजे नुसता गोंगाट, कारण एका शब्दाची शेपटी पुढच्या चार शब्दांवर पडते. पण तिथेच लांब स्वरांचा हालेलूया, वाद्याविना, शे-दोनशे गळ्यांनी उचलला तर इमारतच गाऊ लागते. पाचव्या शतकाच्या सुरुवातीचे हिप्पोचे बिशप ऑगस्टीन यांनी स्तोत्रांवरच्या विवेचनात अशा गाण्याचं वर्णन केलं आहे. शेतात कापणी करणारे आधी शब्दांनी गातात, पण आनंद शब्दांत मावेनासा झाला की अक्षरं सोडून नुसत्या स्वरांत जयघोष करतात. ज्याच्याविषयी बोलून पुरत नाही आणि गप्पही राहवत नाही त्या देवासाठी हेच योग्य, असं त्यांचं म्हणणं. उल्हास म्हणजे वेगच हवा असं ज्यांना वाटतं त्यांनी हे गाऊन पाहावं.

उलट, बुटक्या छताच्या, गालिचे आणि जाड पडदे असलेल्या खोलीत नाद शोषला जातो. प्रत्येकाला फक्त स्वतःचा आवाज ऐकू येतो आणि माणूस लाजतो. तिथे गालिचा गुंडाळावा, पडदे सरकवावेत, खुर्च्या जवळ आणाव्यात. तीनशे खुर्च्यांच्या सभागृहात साठ माणसं विखरून बसली असतील तर कितीही चांगला गायक त्यांना गायला लावू शकणार नाही. मागच्या रांगा दोरी लावून बंद कराव्यात. एवढ्या एका उपायाने गाणं ओळखू न येण्याइतकं बदलतं.

आणि आवाजाची पातळी. याबाबतीत मी हट्टी आहे. कामाच्या ठिकाणी कानांच्या सुरक्षिततेसाठी अमेरिकेतल्या संशोधन संस्थेची शिफारस ८५ डेसिबलला आठ तास अशी आहे आणि दर तीन डेसिबलला वेळ निम्मी होते. म्हणजे ९४ डेसिबलला एक तास, १०० ला फक्त पंधरा मिनिटं. मंडळीत तान्ही मुलं असतात, श्रवणयंत्र लावणारे असतात. पण कानांच्या इजेइतकंच दुसरं नुकसान मोठं आहे. स्पीकरचा आवाज मंडळीच्या आवाजावर गेला की लोक गाणं सोडतात. आपण गायलो काय, न गायलो काय, फरक कळत नाही, मग ते पाहू लागतात. कसोटी सोपी आहे: सभागृहाच्या मध्यावर उभं राहावं, आणि शेजारच्याचा गाण्याचा आवाज ऐकू येतो का ते पाहावं. येत नसेल तर आवाज कमी करायचा. सुरुवात मंचावरच्या मॉनिटरपासून, म्हणजे वादकांकडे तोंड केलेल्या स्पीकरपासून, करावी, कारण वादकांना स्वतःचा आवाज हवा म्हणून तो वाढतो, त्याला तोंड देण्यासाठी मुख्य स्पीकर वाढतात आणि अर्ध्या तासात सगळंच वर गेलेलं असतं. एखाद्या ध्रुपदाला वाद्यं पूर्ण थांबवून फक्त गळ्यांवर गाणं सोडावं. मंडळीला आपलाच आवाज ऐकू आला की पुढचं कडवं दुप्पट जोमाने येतं.

मेथडिस्ट चळवळीचे प्रवर्तक जॉन वेस्ली यांनी १७६१ मध्ये गाण्याविषयी सात सूचना छापल्या. त्यांत अर्धमेल्या सारखं गाऊ नका, धैर्याने, जोरात गा, अशी सूचना आहे. लगेच पुढची अशी, की नम्रतेने गा, इतरांच्या वर आपला आवाज काढून मेळ मोडू नका. त्यानंतर लय सांभाळा, ओढू नका. तीनही सूचना एकत्र पाळायला वरवर कठीण वाटतात, पण मंडळी खरी गाते तेव्हा त्या आपोआप एकत्र येतात. मायक्रोफोन हातात असणाऱ्यांनी यातली नम्रतेची सूचना दर आठवड्याला वाचावी.

पहिल्याच गाण्याला शिखरावर चढू पाहणं ही नेहमीची चूक. लोक नुकतेच आत आलेले असतात, कुणी मुलाला गप्प करतंय, कुणी आठवड्याचं ओझं घेऊन आलंय. इथिओपियाच्या ऑर्थोडॉक्स मंडळीतली रीत यासाठी अभ्यासण्यासारखी आहे. तिथले दबतरा म्हणवणारे गायक एखादं स्तोत्र आधी नुसत्या गळ्याने, वाद्यांविना म्हणतात. मग हातातल्या लांब काठ्या तालात हलू लागतात आणि शरीरं डोलतात. त्यानंतर खुळखुळणारी धातूची वाद्यं आणि कबेरो हा मोठा ढोल येतो. शेवटी लय चढते आणि टाळ्या पडतात. आनंद पायरी-पायरीने अंगात उतरतो. चार-पाच गाण्यांच्या, वीस-पंचवीस मिनिटांच्या क्रमातही हे जमतं: पहिलं गाणं सगळ्यांना पाठ असलेलं आणि मध्यम लयीचं, दुसरं-तिसरं खुलणारं, त्यानंतर शिखर, आणि शेवटी उतरून वचनाकडे किंवा प्रार्थनेकडे नेणारं.

नवं गाणं शिखराला कधीही ठेवू नये. डोळे शब्द वाचण्यात आणि कान चाल पकडण्यात गुंतलेले असताना कुणी हात उंचावत नाही. एका उपासनेत एकच नवं गाणं, आधी एकट्याने एकदा म्हणून दाखवलेलं, आणि मग पुढचे दोन-तीन रविवार तेच पुन्हा. चौथ्या खेपेला ते मंडळीचं होतं. पडद्यावर शब्द दाखवणाऱ्याने ओळ संपायच्या आधी, शेवटच्या शब्दावरच पुढचं पान आणावं. एका ठोक्याचा उशीरही सगळ्यांचा श्वास अडकवतो.

ध्रुपद किती वेळा घोळवायचं? मंडळीचा आवाज चढत असेल, लोक पडदा सोडून डोळे मिटून गात असतील, तर आणखी एकदा. आवाज उतरायला लागला की थांबावं. तेव्हा जोर लावून आणखी दोनदा घेतलं की दमछाक होते आणि लोकांना कळतं की आपल्याकडून काहीतरी काढून घ्यायचा प्रयत्न चाललाय. 'हात वर करा', 'ऐकू येत नाही, आणखी जोरात' अशा हुकमांबद्दलही तेच. जो तसं करू शकत नाही तो स्वतःला उपऱ्यासारखा वाटून घेतो. कशासाठी आनंद करायचा हे एका वाक्यात सांगावं. ख्रिस्त मेलेल्यांतून उठला आहे, पापांची क्षमा झाली आहे, या बातमीवर एखादं वचन वाचावं आणि गायला लागावं. हातांचं काय करायचं ते हातवाल्यांना कळतं.

नाचाविषयी मंडळ्यांची मतं टोकाची आहेत. म्हणून त्याला शिस्त लावणाऱ्यांकडून शिकण्यासारखं बरंच आहे. अमेरिकेत गुलाम केलेल्या आफ्रिकी ख्रिस्ती लोकांनी 'रिंग शाउट' घडवलं. गोल करून घड्याळाच्या उलट दिशेने, पाय फरफटत, पण एकमेकांवरून न नेता सरकायचं. पायावर पाय गेला की तो ऐहिक नाच, असा त्यांचा दंडक होता. ढोल बाळगायला बंदी होती तिथे काठीने जमिनीवर ताल धरला जाई. लक्झेंबर्गमधल्या एख्तरनाख गावात पन्नासाव्या दिवसाच्या सणानंतरच्या मंगळवारी संत विलिब्रोर्ड यांच्या कबरीकडे ओळीच्या ओळी उड्या घेत जातात, पांढऱ्या रुमालांची टोकं धरून. त्या रुमालाने माणसं जोडलेलीही राहतात आणि दोघांत हातभर अंतरही राहतं. काँगोतल्या कॅथॉलिक मंडळीसाठी रोमने १९८८ मध्ये मान्य केलेल्या मिस्साविधीत गौरवगीताच्या वेळी याजक आणि सेवक वेदीभोवती तालात फिरतात. तिन्ही ठिकाणी पावलं ठरलेली आहेत आणि त्यामुळेच लाजणाराही त्यांत सामील होऊ शकतो. ज्या मंडळीला नाचाची सवय नाही तिथे दोन पावलं उजवीकडे, दोन डावीकडे, एवढंच शिकवून सुरुवात करावी.

त्यासाठी जागा आधी मोकळी करावी. बाजूची एक पट्टी, निदान दीड मीटर रुंद, वायरी आणि खुर्च्यांविना. झेंडे फिरवायचे असतील तर काठी आणि हात मिळून जेवढी त्रिज्या होते त्याहून थोडी जास्त जागा प्रत्येकाला, आणि मेणबत्त्यांपासून लांब. मुलं तिथे धावतीलच, तर त्यांच्याजवळ एक मोठं माणूस असावं. खंजिऱ्या मात्र मोजक्याच वाटाव्यात. ताल न येणाऱ्या हातात दिलेल्या पाच खंजिऱ्या अख्ख्या वाद्यवृंदाला पुरून उरतात. वृद्धांना, आजाऱ्यांना पंधरा मिनिटांहून जास्त उभं राहणं जड जातं, म्हणून 'ज्यांना बसायचं आहे त्यांनी बसूनच स्तुती करावी' हे सुरुवातीलाच, सगळ्यांसाठी म्हणून सांगावं.

आणि रडणारे. प्रत्येक उपासनेत कुणीतरी नुकतंच कुणाला तरी पुरून आलेलं असतं. स्तोत्रसंहितेत एक तृतीयांशाहून अधिक स्तोत्रं विलापाची आहेत. फक्त जयघोष गाणारी मंडळी स्तोत्रसंहितेचा तेवढा भाग लोकांकडून काढून घेते. एज्राच्या तिसऱ्या अध्यायात मंदिराचा पाया घातला जातो तेव्हा पहिलं मंदिर पाहिलेले म्हातारे मोठ्याने रडतात आणि बाकीचे हर्षाने आरोळ्या मारतात. आवाज दूरवर जातो, आणि रडण्याचा कोणता, आनंदाचा कोणता, हे लोकांना ओळखता येत नाही. त्यांना कुणी वेगळं बसवत नाही. त्यामुळे क्रमात विलापाला एक तरी कडवं असावं, आणि गाऊ न शकणाऱ्याजवळ एखाद्याने नुसतं उभं राहावं. आज त्याच्या वाटचं गाणं मंडळी गाते आहे.

करिंथच्या मंडळीला पौलाने लिहिलेली मर्यादाही स्पष्ट आहे. आत्म्याच्या प्रेरणेने अन्य भाषांत बोलणारे दोघे, फार तर तिघे, तेही पाळीपाळीने, आणि अर्थ सांगणारा नसेल तर मंडळीत गप्प. संदेष्ट्यांचे आत्मे संदेष्ट्यांच्या स्वाधीन असतात, असं तो म्हणतो. म्हणजे 'मला थांबता येईना' हे कारण तो ऐकून घेत नाही. उल्हास चढलेला असतानाही वचन वाचायची वेळ झाली की थांबता आलं पाहिजे. ते थांबणं आधीच्या गाण्याच्या शेवटच्या स्वरातूनच सुरू करावं: वाद्यं एकेक करून कमी, शेवटी फक्त गळे, मग वाचन. एकदम तोडलं तर लोक दचकतात.

हे सगळं वाचून छोट्या मंडळीला वाटेल की आपल्याकडे ना वाद्यं, ना पडदा. १९०६ मध्ये लॉस एंजेलिसच्या अझुसा स्ट्रीटवर, पेंटेकॉस्टल प्रचारक विल्यम सेमूर यांच्या सभांत सुरुवातीला वाद्यं नव्हती, गायनवृंदही नव्हता, आणि तिथला आवाज जगभर पोचला. दहा-बारा माणसं असतील तर खुर्च्या गोलात मांडाव्यात, म्हणजे प्रत्येकाला समोरचा चेहरा दिसतो. तिघांनी आठवड्यात एकदा भेटून दोन गाणी पाठ करावीत, कळसाचा सूर आधी गाऊन पाहून पट्टी ठरवावी आणि तो पहिला सूर कुणी द्यायचा हे नक्की करावं. पहिली ओळ त्या तिघांनी न घाबरता, पूर्ण आवाजात उचलावी. दुसऱ्या ओळीला बाकीचे येतात.